नाक्सोस बेटावर डोंगरातील आपिरांथोस गावी मुक्काम करावा का?

मुक्ता_कर्वेनगर यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे ग्रीसला जाण्याच्या विचारात आहोत. पुण्यात ज्या पर्यटन कंपन्यांकडे चौकशी केली, त्यांच्या बहुतेक सहली अथेन्स, सान्तोरिनी आणि मिकोनोस एवढ्यावरच संपतात. एका सहलीत नाक्सोस बेट होते, परंतु तिथल्या डोंगरातील आपिरांथोस या गावासाठी जेवणाआधीचा जेमतेम पाऊण तास ठेवलेला होता. त्या गावाविषयी वाचल्यापासून मला सारखे वाटते आहे की कंपनीबरोबर न जाता प्रवास आपणच आखावा आणि काही रात्री त्या गावातच काढाव्यात. यजमान नुकतेच निवृत्त झाले आहेत आणि त्यांना पहाटे उठून पायी हिंडायला आवडते. सासूबाईंना जुनी देवळे, जुनी घरे, हातमागाचे काम पाहण्यात रस आहे, आणि एखाद्या ओट्यावर स्वस्थ बसून माणसांची ये-जा पाहण्यातही त्या रमतात.

अडचणी अशा की सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि चढ-उताराने त्यांचे गुडघे दुखतात. आम्ही तिघेही शाकाहारी आहोत, अंडेसुद्धा खात नाही. यजमानांना तिथे गाडी चालवायची आहे, मला मात्र डोंगरातील रस्त्यांची धास्ती वाटते. शिवाय एक शंका मला या सगळ्यापेक्षा मोठी वाटते. जे गाव शांत आहे म्हणून आपल्याला आवडते, तिथे आपल्यासारख्या बाहेरच्यांनी जाऊन राहणे गावकऱ्यांना जड तर होत नसेल ना? ज्यांनी तिथे किंवा तशा एखाद्या गावात मुक्काम केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पायवाट_औंध

मुक्ताताई, मुक्काम अवश्य करा. आपिरांथोस पाऊण तासात पाहण्याचे गाव नाही. सकाळी अकराच्या सुमारास बंदराच्या गावाकडून पर्यटकांच्या बसगाड्या वर येऊ लागतात आणि चारच्या आसपास त्या परत उतरतात. जी मंडळी फक्त त्या वेळात येतात, त्यांना गाव भेटतच नाही, कारण त्या वेळी गल्ल्यांमध्ये बाहेरचीच माणसे अधिक असतात आणि गावकरी एकतर त्यांच्या सरबराईत गुंतलेले असतात किंवा दार लोटून घरात असतात. संध्याकाळी उन्हे कलली की खुर्च्या दारात येतात, म्हातारी माणसे चौकातील झाडाखाली बसतात, मुले संगमरवरी पायऱ्यांवर खेळू लागतात आणि रात्री उशिरापर्यंत हलक्या आवाजात गप्पा चालतात. सासूबाई ज्यात रमतात असे आपण लिहिले आहे, ते नेमके याच वेळात मिळते.

हे गाव अजून नांदते का राहिले, हे समजून घेण्यासारखे आहे. सिक्लाडीझ या बेटसमूहातील नाक्सोस हे सर्वांत मोठे बेट आहे, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर भरते. त्याच्या मध्यभागी उंच डोंगर आहेत, खोऱ्यांमध्ये पाणी आणि शेतजमीन आहे. इथला बटाटा साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेला आहे, गाई-मेंढ्यांच्या दुधाचे चीज हा मोठा व्यवसाय आहे आणि डोंगरात खाणींचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यामुळे शेजारच्या लहान, कोरड्या बेटांसारखे हे बेट केवळ पर्यटकांवर अवलंबून राहिले नाही, आणि आतील गावे हंगामापुरती उघडणारी दुकाने होऊन बसली नाहीत. हिवाळ्यात बंदराकडील हॉटेले बंद होतात, पण आपिरांथोसमध्ये चुली पेटलेल्या असतात.

गाव डोंगरात इतक्या आत वसण्याचे कारण समुद्री चाच्यांचे भय हे होते. किनाऱ्यावरून नजरेस पडणार नाही अशी जागा निवडून एजियन समुद्रातील कितीतरी बेटांवर लोकांनी वस्ती वर नेली. सन १२०७ मध्ये मार्को सानूदो या व्हेनिसच्या सरदाराने नाक्सोस जिंकले आणि तिथून बेटांच्या एका डचीचा, म्हणजे ड्यूकच्या सत्तेखालील राज्याचा, कारभार सुरू झाला. त्या परंपरेतील बुरुजवजा दगडी वाडे आजही बेटभर दिसतात. आपिरांथोसच्या तोंडाशी खडकावर उभा असलेला झेवगोलिस वाडा सतराव्या शतकातील आहे. गावातील गल्ल्यांना स्थानिक संगमरवराची फरसबंदी आहे, घरे दगडाची आहेत, आणि कमानींखालून जाणाऱ्या त्या वाटा इतक्या अरुंद आहेत की तिथे वाहन शिरूच शकत नाही. आपल्याला जी शांतता हवी आहे, तिचे अर्धे श्रेय या अरुंद वाटांना आहे.

गावाची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या थोडी वर आहे. आपले पुणे सुमारे ५६० मीटरांवर असल्यामुळे उंचीचा कोणालाही त्रास होणार नाही. वारा मात्र फार असतो. सप्टेंबरातही संध्याकाळी अंगावर शाल किंवा स्वेटर लागतो, आणि खाली समुद्रावर कडक ऊन असताना वर फानारी डोंगराला ढग टेकलेले असू शकतात. पावसाची सर आली तर झिजलेला संगमरवर अतिशय निसरडा होतो, म्हणून रबरी तळव्याची पादत्राणे घ्या आणि सासूबाईंना हातात काठी असू द्या.

गुडघ्यांविषयी मोकळेपणाने सांगतो. मुख्य रस्ता गावाच्या कडेने जातो आणि तिथून आत शिरणारी मोठी गल्ली सुरुवातीला बरीचशी सपाट आहे. पुढे पायऱ्या लागतात. खोली या मोठ्या गल्लीच्या सुरुवातीला आणि तळमजल्यावर मिळाली, तर सासूबाईंना चौक, मुख्य चर्च आणि बसायच्या जागा सोसतील इतक्या जवळ राहतील. वरच्या आळीतील गच्चीवाली खोली छायाचित्रात कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका.

तेथील लोकांविषयी एक विशेष गोष्ट. त्यांची बोली बेटावरील इतर गावांपेक्षा वेगळी, क्रीट बेटाच्या बोलीच्या जवळची आहे, आणि आपले पूर्वज क्रीटहून आले अशी त्यांची परंपरा सांगते. यमक साधणारी दोन ओळींची पदे प्रसंगानुसार जागीच रचून म्हणण्याची इथे रीत आहे. त्या पदांना ‘कोत्साकिया’ म्हणतात. लग्न, बारसे, मैत्रीतील चेष्टा, मृत्यूचा शोक, प्रत्येकासाठी ती आहेत. आपल्याकडे जात्यावर ओवी जशी दुःखाला आणि कौतुकाला सारखीच उपयोगी पडत असे, तसेच तिथे या पदांचे आहे. एखाद्या संध्याकाळी चौकात व्हायोलिन आणि लाऊतो ही वाद्ये निघाली, तर जेवण थांबवून ऐका.

यजमानांसाठी झास हा डोंगर जवळ आहे. उंची १००४ मीटर, सिक्लाडीझमध्ये सर्वांत जास्त. आपला सिंहगड समुद्रसपाटीपासून त्याहून उंच आहे, परंतु झासच्या माथ्यावरून चहूबाजूंना समुद्र आणि त्यात विखुरलेली बेटे दिसतात, ते दृश्य सह्याद्रीत मिळणार नाही. फिलोती गावाच्या वरच्या अंगाने वाट आहे. सावली जवळजवळ नाही, त्यामुळे सूर्य वर येण्यापूर्वी निघावे आणि पाणी भरपूर न्यावे.

भोसरी_वर्कशॉप

वरील उत्तरात खाणींचा उल्लेख ओझरता आला आहे. माझे आयुष्य ग्राइंडिंगच्या कामात गेले, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ते ठाऊक असल्याशिवाय या गावाचा स्वभाव कळत नाही.

आपिरांथोस, कोरोनोस आणि आजूबाजूची काही गावे मिळून नाक्सोसचा एमरीचा पट्टा होतो. एमरी म्हणजे कुरुंद आणि लोहाची ऑक्साइडे यांचे नैसर्गिक मिश्रण. कुरुंदाचा कठीणपणा खनिजांच्या एक ते दहा अशा मोजपट्टीवर ९ येतो, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. आपल्या कारखान्यांतील एमरी पेपर आणि पिठाच्या गिरणीतील एमरीचे दगड याच पदार्थाच्या नावाने ओळखले जातात. नाक्सोसची एमरी प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात संगमरवर घासण्यासाठी नाक्सोसच्या दगडाचा निर्वाळा दिला आहे. ज्या बेटावर उत्तम संगमरवर, त्याच बेटावर तो घासून गुळगुळीत करणारा दगड, असा हा योग आहे.

या खाणींत काम करण्याचा हक्क ठरावीक गावांच्या रहिवाशांपुरता राखलेला होता आणि खरेदी सरकारच्या हाती होती. म्हणजे खाणकामगार हा मजूरही होता आणि आपल्या हक्काच्या डोंगराचा वारसही होता. पूर्वी दगड गाढवा-खेचरांच्या पाठीवरून किनाऱ्यावर नेत. १९२० च्या दशकात डोंगरातील खाणींपासून पूर्व किनाऱ्यावरील मुत्सूना बंदरापर्यंत तारेवरून पाळणे नेणारा मार्ग बांधला गेला. पुढे कृत्रिम घर्षक पदार्थ स्वस्त झाले आणि नैसर्गिक एमरीची मागणी ओसरली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा तारमार्ग थांबला. त्याचे लोखंडी मनोरे अजून दरीतून रांगेने उभे आहेत, काही ठिकाणी पाळणेही तारेला तसेच लटकलेले दिसतात. आपिरांथोसहून मुत्सूनाला उतरणारा रस्ता या मनोऱ्यांच्या सोबतीने जातो. मुत्सूना आता लहानसे शांत बंदर आहे. समुद्राकाठी सावलीत बसता येते आणि गाडी अगदी जवळ जाते, त्यामुळे आपल्या सासूबाईंनाही ते जमेल.

दुसऱ्या महायुद्धात या गावांनी फार सोसले. एमरी विकून धान्य विकत घेणारी ही गावे होती. व्यापार बंद पडला, आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात साऱ्या ग्रीसवर दुष्काळ कोसळला तेव्हा खाणींच्या गावांत माणसे अन्नावाचून मेली. याच आपिरांथोसमध्ये १९२२ साली मानोलिस ग्लेझोस यांचा जन्म झाला. ३० मे १९४१ च्या रात्री अपोस्तोलोस सान्तास या मित्रासह अथेन्सच्या अक्रोपोलिसवर चढून त्यांनी नाझी ध्वज उतरवला, त्या वेळी दोघेही कोवळ्या वयाचे होते. पुढे ग्लेझोस यांनी अनेक वर्षे तुरुंगात काढली, ते संसदेत गेले, आणि १९८० च्या दशकात आपल्या गावी परतून ग्रामप्रमुख म्हणून त्यांनी गावाचे निर्णय गावकऱ्यांच्या सभेत घेण्याचा प्रयोग केला. गावातील संग्रहालये उभी राहण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. ते २०२० मध्ये वारले.

एवढ्याशा गावात पुरातत्त्व, भूशास्त्र, निसर्ग आणि लोकजीवन अशा विषयांची संग्रहालये आहेत. भूशास्त्राच्या संग्रहालयात एमरीचे नमुने हातभर अंतरावरून पाहता येतात. पुरातत्त्वाच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातील संगमरवरी तुकडे आहेत. त्यांवर टोचे मारून शिकारी, नावा आणि नाचणारी माणसे कोरलेली आहेत. कोरफी तारोनिऊ या ठिकाणी ते सापडले. कौशल्य ओबडधोबड आहे, परंतु पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने आपले रोजचे जगणे दगडावर टिपून ठेवले आहे, हे लक्षात घेऊन त्यांच्यासमोर उभे राहावे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात संग्रहालयांच्या वेळा कमी होतात, म्हणून पोहोचल्या दिवशीच चौकशी करून ठेवा.

सहकारनगर_स्वयंपाकघर

मुक्ताताई, आहाराची काळजी करू नका, पण थोडी तयारी करून जा. ग्रीक स्वयंपाकात मांस आणि मासे असले तरी ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांमुळे त्या लोकांकडे मांस, अंडी, दूध यांपैकी काहीही नसलेल्या पदार्थांची मोठी परंपरा आहे. अशा पदार्थांना ते ‘निस्तीसिमो’ म्हणतात. श्रद्धाळू कुटुंबांत बुधवार आणि शुक्रवारी, तसेच ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासात हेच जेवण असते. त्यामुळे आपण काय खात नाही, हे एखाद्या गावातील म्हाताऱ्या आजींना समजावणे मोठ्या हॉटेलातील वाढप्याला समजावण्यापेक्षा सोपे जाते.

मिळणारे पदार्थ सांगते. ‘रेविथिया’ म्हणजे मंद आचेवर शिजवलेले छोले. ‘गिगांतेस’ म्हणजे टोमॅटोत भाजलेला मोठा पांढरा पावटा. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचे दाट वरण, वरून ऑलिव्ह तेल आणि कांदा. ‘होर्ता’ म्हणजे रानातील पालेभाजी उकडून तेल व लिंबू घातलेली. ही आपल्या सासूबाईंना फार आवडेल असे मला वाटते. ‘ब्रियाम’ म्हणजे बटाटा, वांगे, दुधी भोपळ्याच्या जातीची कोवळी फळे असे सारे एकत्र भाजलेले. ‘गेमिस्ता’ म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, मात्र त्यात कधी खिमा घालतात, म्हणून विचारून घ्या. भोपळ्याच्या आणि टोमॅटोच्या भज्यांत अंडे असू शकते. पालकाच्या पाईतही बहुधा असते.

‘होरिस क्रेआस, होरिस प्सारी, होरिस आवगो’ म्हणजे मांसाविना, माशाविना, अंड्याविना. हे तीन शब्दसमूह ग्रीक लिपीत कागदावर लिहून घेऊन जा आणि दाखवा. छोल्यांत किंवा भाजीत मांसाचे पाणी घातले आहे का, हेही स्वतंत्रपणे विचारा, कारण तुकडे नसले की पदार्थ बिनमांसाचा झाला असे काही ठिकाणी समजले जाते.

चीजविषयी विशेष लक्ष द्या. नाक्सोसची ग्राविएरा आणि आर्सेनिको ही चीज उत्तम असतात, परंतु पारंपरिक पद्धतीत दूध विरजवण्यासाठी वासरांच्या किंवा करडांच्या जठरातील रेनेट वापरतात. आपल्याला ते चालणार नसेल तर चीजच टाळा. दही मिळते, आणि ते मधासह सुरेख लागते.

बरोबर नेण्याच्या पदार्थांबाबत हे पक्के लक्षात ठेवा की युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. त्यामुळे तूप, पेढे, श्रीखंड, बर्फी सामानात नको. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता यांनाही प्रमाणपत्राशिवाय बंदी आहे. मेतकूट, दाण्याची चटणी, भाजणी, पोहे असे कोरडे पदार्थ न्या. खोलीत चूल असेल तर बाजारातून नाक्सोसचे बटाटे आणा. त्यांची साधी जिरे-मीठ घातलेली भाजी करून पाहा आणि मला कळवा, कारण त्या बटाट्याची चव पुण्यात परत आल्यावर फार आठवते.

नकाशा_बाणेर

मी वरील मंडळींशी अंशतः सहमत आहे. आपिरांथोसमध्ये राहावे, परंतु संपूर्ण मुक्काम तिथे करू नये, आणि ७४ वर्षांच्या सासूबाई बरोबर असताना तर नक्कीच नाही. निम्म्या रात्री बंदराच्या गावी, म्हणजे खोरा इथे, ठेवा. दवाखाना, औषधांची दुकाने, सपाट समुद्रकाठ तिथे आहे, आणि पोर्तारा हा अपोलोच्या अपूर्ण मंदिराचा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील प्रचंड दरवाजा तिथूनच पायी पाहता येतो. नंतर दोन-तीन रात्रींसाठी वर जा. परतीच्या आदल्या दिवशी पुन्हा खाली या. सकाळच्या जहाजासाठी डोंगरातून अंधारात उतरण्याची वेळ येऊ देऊ नका.

अथेन्सच्या विमानतळापासून पिरेअस बंदरापर्यंत ऑक्टोबर २०२२ पासून मेट्रोची तिसरी मार्गिका थेट जाते. सुमारे तासाभराचा प्रवास आहे. पिरेअसहून नाक्सोसला मोठे जहाज पाच-साडेपाच तास घेते. वेगवान बोट साधारण चार तासांत पोहोचवते, पण लाटांवर ती अधिक हादरते आणि तिच्यात उघड्या डेकवर उभे राहता येत नाही. मोठेच जहाज घ्या. उत्तरेकडील ‘मेल्तेमी’ वारा जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जोरात असतो आणि सप्टेंबरात ओसरू लागतो, तरीही वारा वाढला की बंदराचे अधिकारी जहाजे थांबवतात. म्हणून बेटावरून परतण्याचा दिवस आणि मुंबईच्या विमानाचा दिवस यांच्यामध्ये अथेन्समधील किमान एक रात्र ठेवाच. दोहा, दुबई, इस्तंबूल अशा मार्गांनी मुंबईहून सोयीची विमाने मिळतात.

गाडीबाबत आपली धास्ती समजते. ग्रीसमध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात आणि भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो पुण्याच्या आरटीओकडून निघण्याआधी काढा, त्याची मुदत एक वर्षाची असते. नाक्सोसचे रस्ते अरुंद पण चांगल्या स्थितीत आहेत आणि ताम्हिणी किंवा वरंधा घाटात गाडी चालवणाऱ्याला वळणांचे नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते रस्त्यात बसलेल्या शेळ्यांचे. ऑटोमॅटिक गाडी हवी असल्यास खूप आधी सांगून ठेवावी लागते. गाडी नको असेल तर खोराहून हाल्की आणि फिलोती या गावांतून आपिरांथोसला सार्वजनिक बस जाते. प्रवास सुमारे तासाभराचा आहे, परंतु हंगाम उतरू लागला की फेऱ्या कमी होतात. माझ्या मते वरच्या मुक्कामापुरती गाडी घ्यावी आणि खाली असताना ती परत करावी.

हाल्कीजवळ मोनी गावाच्या वाटेवर पानागिया द्रोसियानी हे लहानसे दगडी चर्च आहे. त्यातील काही भित्तिचित्रे सातव्या शतकातील मानली जातात. वर जाताना तिथे थांबा, सासूबाईंना रस्त्यापासून फार चालावे लागणार नाही.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. लहान गावातील घरमालक कधी फक्त फोनवर होकार देतात, तो अर्जाला पुरत नाही. नाव, तारखा आणि पत्ता असलेली लेखी पुष्टी मागून घ्या.

मुक्ता_कर्वेनगर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काही रात्री खोरा आणि मग तीन रात्री आपिरांथोस, असे आम्ही ठरवले आहे, आणि गाडी फक्त वरच्या मुक्कामासाठी घेऊ. माझ्या शेवटच्या शंकेवर मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. गावात वावरताना आम्ही काय पाळावे?

पायवाट_औंध

आपली शंका योग्य आहे. ग्रीसमधील काही बेटांवर पर्यटकांच्या ओझ्याने स्थानिक लोकांना घरे मिळेनाशी झाली आहेत आणि पाण्याची टंचाई आहे, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा. आपिरांथोससारख्या गावाला बहुधा जड होतात ते दोन तास येऊन छायाचित्रे काढून, पाण्याची बाटली फेकून जाणारे लोक. जो राहतो, तिथेच जेवतो, तिथल्या दुकानातून भाजी घेतो, त्याचा पैसा गावात राहतो.

पाळण्याच्या गोष्टी फार नाहीत. उन्हाळ्याच्या महिन्यांत दुपारी तीन ते साडेपाच ही तिथे अधिकृत शांततेची वेळ आहे. त्या वेळात गल्लीत मोठ्याने बोलू नये, फोन स्पीकरवर लावू नये, कोणाचे दार वाजवू नये. त्या दगडी बोळांत आवाज घुमतो, आणि मराठीतील घरगुती गप्पासुद्धा चार घरे पलीकडे जातात. भेटेल त्याला सकाळी ‘कालीमेरा’ आणि संध्याकाळी ‘कालीस्पेरा’ म्हणा. वयस्कर माणसांना आधी आपण म्हणावे. दारात बसलेल्या आजींचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नका. त्यांनी मान हलवून नकार दिला तर कॅमेरा बाजूला ठेवून तिथेच दोन क्षण थांबा आणि हसून नमस्कार करा, बहुतेक वेळा बोलणे त्यानंतर सुरू होते. ग्रीक माणूस नकार देताना मान वर उचलतो, तो होकार समजू नये.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, तेव्हा साडी किंवा सलवार-कमीज उत्तम. दाराशी मेणबत्त्या असतात. नाणे टाकून एक लावावी, परधर्मीयाने लावली म्हणून कोणी हरकत घेत नाही. प्रार्थना चालू असेल तर मागे उभे राहावे. गावातील स्त्रियांची पारंपरिक हस्तकलेची संस्था आहे आणि त्यांच्याकडे हातमागावर विणलेले कापड विकत मिळते. तिथे किमतीची घासाघीस करू नका. एकेका तुकड्यामागे किती श्रम असतात, हे सासूबाईंना माग पाहताच कळेल. यजमान डोंगरात हिंडतील तेव्हा वाटेतील जनावरांसाठीची फाटके ज्या स्थितीत सापडली त्याच स्थितीत ठेवावीत, म्हणजे बंद होती ती पुन्हा बंद करावीत.

१५ ऑगस्ट हा मेरीमातेचा मोठा सण आहे. त्या दिवसांत अथेन्सला स्थायिक झालेली मुले-नातवंडे घरी येतात आणि गाव पूर्ण भरते. तो काळ त्यांचा आहे. आपण सप्टेंबर निवडला हे चांगले केले, तेव्हा घरमालकांना बोलायला सवड असते.

आता लगेच करण्याचे काम एवढेच की दोन-तीन घरमालकांना पत्र लिहा आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट विचारा: गाडी जिथे थांबते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती आहेत, खोली तळमजल्यावर आहे का, आणि न्हाणीघरात धरायला कठडा आहे का. पायऱ्यांचे छायाचित्र मागवा. खोलीच्या भाड्याखेरीज सरकारचे प्रतिरात्र शुल्क वेगळे द्यावे लागते, ते किती हेही त्याच पत्रात विचारून घ्या.